गर्दीचा जमाखर्च

लंडनमधल्या एका बड्या दंतवैद्याचा दवाखाना. मधोमध खुर्चीत धुराडी साफ करणारा एक पोरगा बसला आहे. तोंड काजळीने माखलेले, अंगावर चिंध्या. वैद्य त्याचा चांगला, न किडलेला दात उपटतो आहे. शेजारी एक नटलेली बाई बसली आहे. तो दात आता तिच्या हिरडीत बसवायचा आहे. दवाखान्यातली आणखी श्रीमंत मंडळी आपापल्या तोंडांची काळजी वाहण्यात गुंतली आहेत. आणि दारातून दोन फाटकी मुले बाहेर पडत आहेत. एकाने गाल घट्ट दाबून धरला आहे, दुसरे तळहातावरच्या नाण्याकडे पाहत आहे. जिवंत दातांना सर्वांत जास्त भाव देणार, अशा अर्थाची पाटी दारावर झळकते आहे.

टॉमस रोलंडसन या इंग्रज चित्रकाराचे हे १७८७ सालचे चित्र. त्यात अतिशयोक्ती आहे, पण ते मनाचे खेळ नव्हेत. गरिबाच्या तोंडातला दात काढून श्रीमंताच्या जबड्यात बसवण्याचा धंदा तेव्हा लंडनमध्ये खरोखरच चाले. जॉन हंटर यांच्यासारख्या नामवंत शल्यविशारदानेही या प्रयोगांचा पुरस्कार केला होता. असा दात फार काळ टिकत नसे, कधी कधी त्यातून रोगही पसरे; पण हौसेला मोल नसते, आणि इथे तर मोल दुसऱ्यानेच मोजायचे होते.

रोलंडसनने या प्रकारावर प्रवचन झोडलेले नाही. त्याने फक्त सगळ्यांना एका खोलीत बसवले आणि आपल्याला दारात उभे केले. आधी हसू येते. मग नजर त्या मुलाच्या तळहाताकडे जाते आणि हसू ओठांवरच थांबते. इंग्लंडच्या गादीवर दोन जॉर्ज राजे आले तेवढ्या काळात या माणसाने हजारो चित्रे काढली. राजेरजवाडे त्यांत आहेतच. पण खरी गर्दी आहे ती कोळिणींची, हमालांची, जुगाऱ्यांची, पाय सुजलेल्या म्हाताऱ्यांची, नाटकाला निघालेल्या कुटुंबांची. ज्यांचे नाव कोणत्याही वहीत लिहिले गेले नाही, अशा माणसांची.

रोलंडसनचा जन्म १७५७ सालचा, लंडनच्या व्यापारी पेठेतला. वडील विल्यम कापडाच्या व्यापारात होते. टॉमस जेमतेम दोन वर्षांचा असताना, १७५९ साली, त्यांचे दिवाळे निघाले. दिवाळे हा शब्द आज आपण सहज वापरतो. पण त्या काळी कर्ज फेडता आले नाही तर माणसाला तुरुंगात डांबत आणि कर्ज फिटेपर्यंत तो तिथेच कुजे. विल्यम यांनी लंडन सोडले आणि ते यॉर्कशायरकडे गेले. मुलाला आधार दिला तो काका-काकूंनी. काका जेम्स रेशमाच्या धंद्यातले बडे आसामी होते. १७६४ साली तेही गेले. मग काकू जेन यांनीच सोहो भागात या पोराला लहानाचे मोठे केले, चांगल्या शाळेत घातले आणि त्याची बोटे सारखी कागदावर फिरतात म्हणून त्याला रागे न भरता चित्रकलेकडे वळू दिले. त्याच्या पुढच्या सगळ्या उद्योगांमागे या बाईंचा पैसा आणि त्याहून अधिक त्यांचा विश्वास होता.

१७७२ साली, पंधराव्या वर्षी, तो रॉयल अकादमीच्या चित्रशाळेत दाखल झाला. अकादमी तेव्हा चार वर्षांची होती आणि तिचा रुबाब मोठा होता. मोठी कला म्हणजे पुराणातले वीर, बायबलमधले प्रसंग, ग्रीक देहयष्टी, असा तिथला शिरस्ता. रोलंडसनला हे जमत नव्हते असे नाही. १७७५ च्या प्रदर्शनात त्याने बायबलमधल्या सॅमसन आणि डलायलाचे चित्र मांडले, १७७७ साली रौप्यपदकही मिळवले. पॅरिसलाही तो जाऊन आला आणि फ्रेंचांच्या रेषेतला नाजूकपणा उचलून घेऊन परतला. पण समोर बसवलेल्या आदर्श देहापेक्षा त्याचे डोळे वर्गाच्या खिडकीबाहेर जास्त रमत. वर्गात मॉडेल म्हणून बसलेल्या बाईवर त्याने नळीतून वाटाणे मारले आणि अकादमीतून हाकलला जाता जाता वाचला, अशी आठवण त्याचा बालमित्र हेन्री अँजेलो याने लिहून ठेवली आहे.

त्याला हवे ते सापडले ते एका बागेत. टेम्सच्या दक्षिण काठावरची व्हॉक्सहॉल गार्डन्स ही लंडनची जत्राच होती. प्रवेशाचे पैसे भरले की कोणालाही आत जाता येई. वर सज्जात गाणे, खाली खाणे आणि झाडांआड जे चालायचे ते चालू. १७८४ साली रोलंडसनने या बागेचे एक मोठे चित्र अकादमीत मांडले. त्यात युवराज आहे, त्याची एके काळची मैत्रीण असलेली नटी मेरी रॉबिन्सन आहे, डेव्हनशरची देखणी डचेस आहे. आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून अधाशासारखे जेवणारी, एकमेकांकडे टकमक बघणारी, गाणे सोडून सगळीकडे लक्ष असलेली साधी मंडळी आहेत. पुढच्या वर्षी याचे छापचित्र निघाले आणि रोलंडसन हे नाव घरोघरी पोचले.

त्याच १७८४ साली वेस्टमिन्स्टर मतदारसंघाची निवडणूक गाजली. मतदान चाळीस दिवस चालले. चार्ल्स जेम्स फॉक्स यांच्या प्रचारासाठी हीच डचेस रस्त्यावर उतरली आणि मतासाठी तिने एका खाटकाला चुंबन दिले, अशी आवई शहरभर उठली. रोलंडसनने चित्र काढले नसते तरच नवल! डचेसने खाटकाला मिठी मारली आहे आणि मते मिळवण्याचा हाच सर्वमान्य मार्ग असल्याची ग्वाही चित्राच्या नावातच दिली आहे. फॉक्स निवडून आले. डचेसच्या वाट्याला मात्र बदनामी आली. बाई राजकारणात उतरली की तिच्या मुद्द्यांपेक्षा तिच्या वागण्याचीच चर्चा होते, हे जगाला तेव्हाही ठाऊक होते. आणि या चर्चेला रोलंडसननेही आपल्या परीने तेल घातले, हेही त्याच्या खात्यावर लिहायला हवे. चित्रांचे पैसे कधी फॉक्सविरोधकांकडून येत, कधी फॉक्सच्या बाजूने. दोन्हीकडची कामे त्याने केली.

ही चित्रे निघत कशी, तेही सांगायला हवे. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र रेखाटायचे आणि पत्रा आम्लात बुडवायचा. जिथे मेण खरवडले असेल तिथे आम्ल तांबे खाते आणि रेषा कोरली जाते. मग शाई भरून, दाबयंत्रातून काढून, एकेका प्रतीत हाताने रंग भरायचे. साध्या प्रतीला साधारण एक शिलिंग, रंगवलेलीला दोन. मजुराला ही चैन परवडणारी नव्हती, पण दुकानाच्या काचेला नाक लावून उभे राहायला पैसे पडत नसत. प्रत्येक नव्या चित्रासरशी काचेसमोर झुंबड उडे आणि त्या झुंबडीत खिसेकापूंची चंगळ होई. पिकॅडिलीतला फोर्स हा दुकानदार तर चित्रांचे गठ्ठे एका संध्याकाळपुरते भाड्याने देई. पाहुणे यायचे असले की यजमान ते घरी आणत आणि जेवण झाल्यावर सगळे मिळून चित्रे पाहत हसत. आपल्याकडे पुढे व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणून पाहत, तशातलाच हा प्रकार.

१७८९ साली काकू वारल्या. आपला पैसा त्यांनी पुतण्याला ठेवला. मृत्युलेखात हा आकडा सात हजार पौंड दिला आहे. नेमकी रक्कम काहीही असो, शहाण्या माणसाला जन्मभर व्याजावर बसून खाता आले असते, एवढी ती नक्कीच होती. रोलंडसन शहाणा नव्हता. त्याला फाशांचा नाद होता. लंडनच्या उंची जुगारखान्यांत तो रात्रच्या रात्र बसे. एकदा तर तो सलग छत्तीस तास जुगाराच्या टेबलावरून हललाच नाही, खायचे ते तिथेच खाल्ले, असे त्याच मृत्युलेखात नमूद आहे. काकूंनी जपून ठेवलेली पुंजी काही वर्षांत गेली.

हा प्रसंग त्याच्या सर्व चरित्रकारांनी सांगितला आहे आणि बहुतेकांनी त्यावर मान हलवली आहे. पण त्याच मृत्युलेखातली पुढची नोंद मला अधिक महत्त्वाची वाटते. जिंकला काय किंवा हरला काय, चेहऱ्यावरची रेषा तो हलू देत नसे. आणि पैशाच्या व्यवहारात तो अत्यंत चोख होता, कर्ज त्याने कटाक्षाने टाळले. सगळे गमावून परतल्यावर तो खुर्ची ओढून टेबलापाशी बसे, आपण मूर्खपणा केला हे कबूल करी आणि पेन्सिली उचलून, आपली खरी ठेव ही आहे, असे म्हणे. आणि कामाला लागे.

बँकेतल्या नोकरीत मी कर्जाच्या पुष्कळ फाइली हाताळल्या. जुगाराने बुडालेली माणसे त्यांत होती. ती बहुधा आधी स्वतःचे घालवतात, मग भावाचे, मग मित्राचे, आणि शेवटी बायकोचे दागिने गहाण पडतात. आपले गेल्यावर दुसऱ्याच्या पैशाला हात न लावणारा जुगारी दुर्मीळ. दोन वर्षांचे असताना घरावर कोसळलेले दिवाळे रोलंडसनला आठवत असणे शक्य नाही. पण त्याची झळ त्या घरात पुढेही जाणवली असणार. त्याने आयुष्यभर फासे टाकले, पण बापाच्या वाटेवरचा तो शेवटचा टप्पा त्याने कधी गाठला नाही.

जुगाराची चित्रेही त्याने काढली. एकात टेबलाभोवती मारामारी पेटली आहे, पिस्तुले निघाली आहेत, खुर्च्या डोक्यावर उगारल्या आहेत. १७९१ च्या एका चित्रात डेव्हनशर हाउसमधले जुगाराचे टेबल आहे आणि त्याच्याभोवती उच्चकुलीन स्त्रिया बसल्या आहेत. हा खेळ बाहेरून पाहणाऱ्याने काढलेला नाही, हे तिथल्या चेहऱ्यांवरून कळते. डाव चालू असताना माणसाची नजर कशी होते, हे त्या टेबलावर बसून उठलेल्यालाच दिसते.

पैसा गेल्यावर कामाला अंत राहिला नाही. बोरूच्या लेखणीने झरझर बाह्यरेषा, त्यावर सावलीचा हलका हात, मग पातळ जलरंग. मागणी आली की ओल्या रेषांवर दमट कागद दाबून तो उलटी नक्कल उठवी आणि तीही रंगवून देई. या घाईची किंमत त्याच्या कलेने मोजली. तीच गबदूल बाई, तोच किडकिडा म्हातारा, तीच पडापड पुन्हा पुन्हा भेटते. चारचौघांत दाखवता येणार नाहीत अशी चित्रेही त्याने काढली. लठ्ठ, म्हातारी, कुरूप माणसे पाहून त्याला फार सहज हसू येई, आणि ते हसू कधी कधी निर्दय होई.

पण हात लागला की लागला. १७९८ साली त्याने बाथ या आरोग्यस्थानाची बारा चित्रे काढली. गाउटने पाय सुजलेला एक धनाढ्य म्हातारा औषधी पाणी प्यायला तिथे आला आहे आणि दिवसभर पथ्यात नसलेले सगळे खातो आहे. सॉमरसेट हाउसच्या जिन्याचे चित्र तर प्रसिद्धच आहे. रॉयल अकादमीचे प्रदर्शन अगदी वरच्या मजल्यावर भरत असे आणि तिथे जाणारा जिना अरुंद आणि उभा होता. रोलंडसनने त्या जिन्यावरून उच्चभ्रू रसिकांची अख्खी रांग गडगडत खाली आणली आहे. उदात्त कला पाहायला निघालेली मंडळी एकमेकांच्या अंगावर कोसळली आहेत, बायकांच्या घेरांचा ठाव उरलेला नाही आणि काही वृद्ध कलाप्रेमी चित्रांऐवजी नेमके तेच निरखत आहेत. वाटाणे मारणारा विद्यार्थी म्हातारा झाला तरी संपला नव्हता.

त्याला सावरणारी दोन माणसे होती. एक मॅथ्यू मिचेल नावाचा बँकर. हा स्थूल, खुशालचेंडू माणूस त्याची चित्रे विकत घेई, त्याला प्रवासाला नेई आणि कॉर्नवॉलमधल्या आपल्या घरी ठेवून घेई. दुसरा रूडॉल्फ अॅकरमन. मूळचा सॅक्सनीचा, घोडागाड्यांचे नक्षे काढत लंडनला आलेला. स्ट्रँड रस्त्यावर त्याने चित्रांचे आणि पुस्तकांचे मोठे दुकान थाटले. त्याने रोलंडसनला नियमित काम दिले, वेळेवर पैसे दिले आणि सुट्या चित्रांतून त्याला पुस्तकांकडे आणले.

या जोडीचे मोठे काम म्हणजे १८०८ ते १८१० या काळात निघालेले ‘मायक्रोकॉझम ऑफ लंडन’. तीन खंड, १०४ रंगीत चित्रे. इमारती काढल्या ऑगस्टस प्यूजिन याने, मोजूनमापून, कमान न् कमान. त्या इमारतींत माणसे भरली रोलंडसनने. बँक ऑफ इंग्लंड आहे, शेअरबाजार आहे, मासळीबाजार आहे, अनाथालय आहे, कर्जदारांचे तुरुंग आहेत. बँकेच्या दालनातली गर्दी मी पुनःपुन्हा पाहिली आहे. काउंटरवरच्या माणसाची पाठ आणि त्याच्या मागच्याची अधीरता यांत दोनशे वर्षांत फरक पडलेला नाही. याच पुस्तकात ईस्ट इंडिया कंपनीच्या इंडिया हाउसमधले लिलावाचे दालन आहे. पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर व्यापारी खच्चून बसले आहेत, बोली चालू आहे. आपल्याकडचे कापड आणि चीनचा चहा अशाच दालनात विकला जाई. ज्यांच्या हातांनी तो माल तयार झाला ते विणकर त्या चित्रात नाहीत, असू शकत नव्हते. पण सौदा करणारे चेहरे कसे होते, ते आपल्याला पाहायला मिळते.

पुढे हिंदुस्थान त्याच्या चित्रांत थेटच आला. १८१६ साली ‘क्विझ’ या टोपणनावाने कोणीतरी लिहिलेले ‘क्वी हाय’चे विनोदी काव्य प्रसिद्ध झाले. ‘कोई है?’ अशी हाक मारून नोकर बोलावणारा गोरा साहेब, म्हणून त्या नायकाचे हे नाव. हा तरुण इथे येतो, मुंबईच्या बंदरावर उतरतो, रात्री डोंगरीत फिरतो आणि कंपनी सरकारच्या कारभाराचे धिंडवडे काव्यभर निघतात. चित्रे रोलंडसनची. तो हिंदुस्थानात कधीच आला नाही. त्यामुळे त्यातले एतद्देशीय लोक ऐकीव आणि ओबडधोबड आहेत, घारापुरीची लेणी तर भुताखेतांची गुहा वाटते. साहेबांचे चेहरे मात्र अस्सल आहेत. ते त्याला लंडनच्या रस्त्यावरच भेटत होते.

त्याची सर्वांत लोकप्रिय कलाकृती मात्र डॉक्टर सिंटॅक्स. तेव्हा निसर्गरम्य स्थळांची चित्रमय प्रवासवर्णने लिहिण्याची साथ आली होती. रोलंडसनने एक हडकुळा, लांब हनुवटीचा खेड्यातला पाद्री कल्पिला. ग्रिझल नावाच्या म्हाताऱ्या घोडीवर बसून तो अशा स्थळांच्या शोधात निघतो, कारण पुस्तक लिहून पैसे मिळवायचे आहेत. वाटेत चोर त्याला लुटून झाडाला बांधतात. भग्न वास्तूचे सौंदर्य टिपता टिपता तो पाण्यात पडतो. अॅकरमनच्या मासिकात हे १८०९ पासून दर महिन्याला येत गेले आणि १८१२ साली पुस्तक निघाले. सिंटॅक्सच्या नावाच्या टोप्या आणि कोटही बाजारात आले.

चित्रांवर कविता लिहिणारा होता विल्यम कूम. वय सत्तरीकडे झुकलेले. ऐन उमेदीत हाती आलेला पैसा त्याने उधळला होता आणि आता कर्जापायी तो किंग्ज बेंच तुरुंगाच्या बंधनात होता. दर महिन्याला रोलंडसनचे एक चित्र त्याच्याकडे जाई. पुढचे चित्र काय असेल याची कल्पना नसताना तो समोरच्या चित्रावर ओळी रचत बसे. कथा पुढे सरकत गेली आणि काम पुरे होईपर्यंत या दोघांची भेटही झाली नाही. एकाने उधळून कर्ज केले आणि तो बंदी झाला. दुसऱ्याने उधळले, पण कर्ज केले नाही, म्हणून तो मोकळा राहिला. दोघांनी मिळून साऱ्या इंग्लंडला हसवले. कूमच्या जागी आपणही असू शकलो असतो, हे रोलंडसनला कळत नसेल असे वाटत नाही. पुढे याच दोघांनी ‘इंग्लिश डान्स ऑफ डेथ’ हे पुस्तक केले. त्यात सांगाड्याच्या रूपातला मृत्यू खादाडाच्या पंगतीत येतो, तसाच जुगाऱ्याच्या टेबलाशीही येतो.

शेवटची दोन वर्षे रोलंडसन आजारी होता. एप्रिल १८२७ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, अॅडेल्फीतल्या बिऱ्हाडी तो वारला. कॉव्हेंट गार्डनच्या सेंट पॉल चर्चमध्ये त्याला पुरले. शाळेपासूनचे मित्र, नट जॅक बॅनिस्टर आणि तलवारबाजीचा वस्ताद हेन्री अँजेलो, आणि त्यांच्याबरोबर अॅकरमन, असे तिघे पोचवायला होते. दोन मित्र आणि एक मालक! पैसाही थोडाथोडका नव्हे, काही हजार पौंड मागे राहिला होता. तो त्याने लग्नावाचून सोबत राहिलेल्या बेट्सी विंटरच्या नावे केला होता. घालवलेली पुंजी त्याने बोटांनी पुन्हा उभी केली आणि जिने साथ दिली तिच्या हाती सोपवली.

त्याने आपली बुद्धी वाया घालवली, असे म्हणणारे टीकाकार तेव्हाही होते आणि नंतरही झाले. अकादमीच्या शिस्तीत राहिला असता तर तो मोठा ऐतिहासिक चित्रकार झाला असता, असा त्यांचा हिशेब. असेलही. पण त्या काळातले किती वीर आणि किती देवता आज संग्रहालयांच्या तळघरांत धूळ खात असतील! रोलंडसनची दात विकणारी मुले मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. ज्या युवराजाची त्याने टर उडवली, त्यानेच त्याची चित्रे जमवली आणि इंग्लंडच्या राजसंग्रहात आज ती शेकड्यांनी आहेत.

त्याच्या जमाखर्चात खर्चाची बाजू मोठी आहे: काकूंचा पैसा, रात्री, घाईघाईत उरकलेली कामे, काही निर्दय हसू. जमेला एक अख्खे शहर आहे. वाईट वागणारी, खाणारी, पडणारी, हरणारी माणसे त्याने वरून पाहिली नाहीत, कारण तो त्यांच्यातच उभा होता. म्हणून त्यांच्या घोळक्यात तळहातावरचे एक नाणे पाहणारे ते मूल त्याच्या नजरेतून सुटले नाही.